कोणता टाकलाय?

घरात नवा कॉम्प्युटर आला की बघायला येणारी माणसं दोन प्रश्न विचारतात. पहिला, 'केवढ्याला पडला?' आपण आकडा सांगायचा आणि त्यांनी 'अरेरे, घ्यायच्या आधी मला विचारायचं होतंत' म्हणायचं, हा ठरलेला विधी आहे. दुसरा प्रश्न जरा पुढे वाकून, आवाज उतरवून येतो. 'अँटिव्हायरस कोणता टाकलाय?' प्रोसेसर कुठला, रॅम किती, याची चौकशी कुणी करत नाही. ते ज्याचं त्याला कळतं. अँटिव्हायरसबद्दल मात्र ज्याला फाइल कुठे सेव्ह झाली हे शोधायला मुलाला हाक मारावी लागते, त्याचंही मत असतं, आणि ते बदलायची सोय नसते.

याचं कारण साधं आहे. फ्रिज चालतो की नाही हे आत ठेवलेलं दूध सांगतं. पंखा फिरतो की नाही हे घाम सांगतो. अँटिव्हायरस काम करतो आहे याचा पुरावा काय, तर काही झालं नाही. आता काही झालं नाही ते त्याच्यामुळे झालं नाही, की मुळात काही होणारच नव्हतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मग माणूस निवड करणार कशावर? गावावर, गोतावर, तत्त्वावर, आणि मेहुण्याच्या ऑफिसात काय आहे त्यावर.

आमच्या पिढीची व्हायरसशी पहिली ओळख चपला काढताना झाली. शाळेतल्या कॉम्प्युटर रूमला एसी असायचा, दाराबाहेर पन्नास जोड आणि आत पन्नास पोरं, चार कॉम्प्युटरभोवती. चपला का काढायच्या, तर धूळ जाते म्हणून. पण सर घाईत 'नाहीतर व्हायरस येईल' असंही म्हणून जात. त्यामुळे व्हायरस हा साधारणपणे तळव्याला चिकटून येतो अशी आमच्यातल्या पुष्कळांची समजूत होती. काहींची ती अजून आहे. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ लॅपटॉपला हात लावण्यापूर्वी पाय धुतात, आणि गंमत म्हणजे त्यांच्या लॅपटॉपला आजवर काही झालेलं नाही.

तेव्हाचे व्हायरस तरी खानदानी होते. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस 'ब्रेन'. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. आपण तयार केलेल्या वैद्यकीय प्रोग्रॅमच्या चोरून नकला होतात म्हणून त्यांनी हा उद्योग केला, आणि व्हायरसच्या आत आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले. लस पाहिजे असेल तर संपर्क साधा, अशी सूचनाही! जगभरातून फोन आले आणि भाऊ चकित झाले. आज आपल्या स्वतःच्या बँकेच्या शाखेत फोन कुणी उचलत नाही, तिथे हे व्हायरस लिहून फोन उचलत होते.

पुढच्या व्हायरसांना तिथी असायची. 'मायकेलँजेलो' जागा व्हायचा ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या वाढदिवसाला. 'सीआयएच' उठायचा २६ एप्रिलला, चेर्नोबिलची दुर्घटना झाली त्या तारखेला. १९९९ सालच्या २६ एप्रिलला तो उठला तो खरोखर उठला. हार्ड डिस्क तर त्यानं पुसलीच, शिवाय काही मशिनांच्या मदरबोर्डवरची बायोसची चिप अशी खराब केली की बटण दाबलं तरी पडदा काळाच राहायचा. यावर जाणकारांचा उपाय असा की त्या दिवशी कॉम्प्युटर लावूच नका, किंवा आदल्या दिवशी मशीनची तारीख पुढची करून ठेवा. राहुकाळ टाळायची सवय असलेल्या समाजाला हे पटायला वेळ लागला नाही.

मायकेलँजेलोची कथा जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा धंदा त्यात आहे. १९९२ साली अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी यांनी सांगितलं की या ६ मार्चला पन्नास लाखांपर्यंत कॉम्प्युटर बसू शकतात. वर्तमानपत्रांनी ते छापलं, टीव्हीनं दाखवलं, लोक दुकानांसमोर उभे राहिले. ६ मार्च उजाडला आणि मावळला. बसलेले कॉम्प्युटर काही हजारांच्या घरात भरले. पण अँटिव्हायरस खपायचे ते खपून गेले होते, आणि ज्यांनी घेतले ते खूश होते. बघा, घेतला म्हणून वाचलो! ज्यांनी घेतला नाही आणि तरीही वाचले, त्यांना कुणी विचारलंच नाही.

तेव्हापासून आजपर्यंत घरोघर पक्ष पडलेले आहेत.

आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी स्वदेशी पक्षाचे. एसटीतून निवृत्त झाले, मूळचे सातारा जिल्ह्यातले. क्विक हील सोडून दुसऱ्या अँटिव्हायरसचं नाव त्यांच्यासमोर काढायचं नाही. त्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहेही. रहिमतपूरकडचे काटकर बंधू. थोरले कैलास कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटे संजय कॉम्प्युटर शिकले. पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरस लागलेली मशिनं येऊ लागली, तेव्हा धाकट्यानं ते साफ करायचे प्रोग्रॅम लिहिले आणि नव्वदच्या दशकात त्यातून कंपनी उभी राहिली. २०१६ साली ती शेअर बाजारात आली. आमच्या शेजाऱ्यांनी तेव्हा शेअर घेतले नाहीत, पण बोलतात असे की संचालक मंडळाच्या बैठकीतून आत्ताच उठून आले आहेत. 'आपल्या पोरानं केलंय. इथला व्हायरस इथल्याच माणसाला कळणार.' यात तथ्य अगदीच नाही असं नाही. पेनड्राइव्हच्या जमान्यात झेरॉक्सच्या दुकानातून जे काही घरी यायचं, फोल्डरसारखं दिसणारं 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' किंवा सगळ्या फाइलींचे शॉर्टकट करून टाकणारा तो प्रकार, त्याचा अनुभव पुण्यातल्या दुकानाइतका कॅलिफोर्नियात कुणाला असणार?

त्यांच्यासमोर राहतात ते दोघं साडू. हे फुकट पक्षाचे, पण दोन गटांत. एक अवास्टचा, दुसरा एव्हीजीचा. गणपतीत जेवायला बसले की तिसऱ्या मोदकाला वाद सुरू. अवास्ट हलका, एव्हीजी जड. एव्हीजी नेमका, अवास्ट जाहिराती फार दाखवतो. दोन्ही कंपन्या मुळात चेक. २०१६ साली अवास्टनं एव्हीजीला विकत घेतलं. हे मी दोघांनाही सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, मोदकावर तूप घेतलं आणि वाद पुढे चालू केला. धाकट्यानं मध्यंतरी वैतागून 'मग मी नॉर्टनच घेतो, नाहीतर अविरा' अशी धमकी दिली. आता नॉर्टन, अविरा, अवास्ट आणि एव्हीजी ही चारही नावं जेन डिजिटल नावाच्या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. म्हणजे पक्षांतर करायलासुद्धा घराबाहेर पडावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या मतदाराला हे समजावून सांगायला नको.

फुकट देणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हा प्रश्न या पक्षात विचारत नाहीत. अवास्टच्या बाबतीत त्याचं एक उत्तर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२४ मध्ये दिलं. लोक इंटरनेटवर कुठे कुठे जातात याची माहिती गोळा करून विकल्याबद्दल कंपनीला एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरायला लावले. थोरल्या साडूंना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'आम्ही जातो कुठे? पंचांग आणि आयआरसीटीसी. विकू देत.'

रशियन पक्ष आमच्याकडे एकेकाळी जोरात होता. कॅस्परस्की. युक्तिवाद बिनतोड: व्हायरस लिहिण्यात रशियन पटाईत, तेव्हा उतारा त्यांच्याकडेच असणार. विंचवाचा मंत्र विंचवाच्याच गावात शिकायचा. या अँटिव्हायरसच्या जुन्या आवृत्तीत व्हायरस सापडला की स्पीकरमधून डुकराच्या किंचाळण्याचा आवाज यायचा. रात्री अकरा वाजता, घर झोपलेलं, दहावीचं पोर प्रोजेक्टसाठी चित्रं उतरवून घेतंय, आणि एकदम डुक्कर! आजी उठून देवासमोर जाऊन बसल्याची उदाहरणं आहेत. पण त्या घरांत कॅस्परस्कीविषयी जो आदर होता तो दुसऱ्या कशाविषयी नव्हता. अमेरिकेनं २०२४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. तिथल्या कित्येक ग्राहकांच्या कॉम्प्युटरवरून एके दिवशी कॅस्परस्की आपणहून निघून गेला आणि जाताना 'अल्ट्राएव्ही' नावाचा कुणी अनोळखी बसवून गेला. ग्राहकांनी आरडाओरडा केला. इथे या पक्षाच्या लोकांनी ती बातमी वाचली आणि म्हणाले, जबाबदार माणूस आहे, दार उघडं टाकून गेला नाही.

क्रॅकवाल्यांबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, पण त्यांचं एक कौतुक आहे. हा पक्ष विकतचा अँटिव्हायरस फुकटात, म्हणजे चोरून, उतरवून घेतो. सोबत एक सूचनांची फाइल असते. तिच्यात पहिलीच ओळ: आधी तुमचा अँटिव्हायरस बंद करा. आणि ते करतात!

विकत घेणाऱ्यांचं दुःख वेगळं. दुकानात डबा मिळतो. त्यावर छापलेली किंमत आणि दुकानदार सांगतो ती किंमत यांची एकमेकींशी ओळख नसते. लॅमिंग्टन रोडवर तर छापील किमतीकडे बोट दाखवलं की दुकानदारालाच अवघडल्यासारखं होतं. आकारानं तो डबा अर्धा किलो मिठाईचा. आत एक सीडी, एक कागद आणि कागदावर खरवडायची पट्टी. लॅपटॉपला सीडीची खाच नसते हे दुकानदाराला माहीत असतं, कंपनीलाही माहीत असतं, पण नुसत्या खरवडायच्या कागदासाठी पैसे मागितले तर मराठी माणूस देत नाही. हातात काहीतरी वजन लागतं.

शिवाय एका पीसीचा डबा घेण्यापेक्षा तीन पीसींचा घेणं स्वस्त पडतं. इथून कुटुंबकलह सुरू होतो. एक की आपली. दुसरी धाकट्या भावाला, कारण त्यानं गेल्या वर्षी दिली होती. तिसरी? बायकोच्या भावाला दिली तर आपल्या बहिणीला कळतं. बहिणीला दिली तर तिचा नवरा 'आमच्याकडे ऑफिसचा आहे' म्हणतो आणि की तशीच ठेवतो, आणि वर्ष फुकट जातं. मी एका मुंजीत आहेराच्या पाकिटात ही की घातलेली पाहिली आहे. बटूचे वडील पाकीट उघडून बराच वेळ तो आकडा बघत होते. त्यांना वाटलं चेक नंबर आहे.

आता खरी गंमत. या सगळ्या भांडणात ज्याचं नावही कुणी घेत नाही असा एक जण प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरमध्ये आधीच बसलेला आहे. मायक्रोसॉफ्टनं २००९ साली स्वतःचा अँटिव्हायरस फुकट द्यायला सुरुवात केली आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तो विंडोजच्या आतच घातला. डिफेंडर. डबा नाही, की नाही, वर्ष संपत नाही. सुरुवातीला तो बेताचाच होता, हे खरं. पण जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट नावाची प्रयोगशाळा सगळ्या अँटिव्हायरसांची परीक्षा घेते. संरक्षणाला सहा, वेगाला सहा, वापरायच्या सोयीला सहा, एकूण अठरा गुण. त्यात अलीकडे हा वारंवार अठरापैकी अठरा काढतो. आता अठरापैकी अठरा काढणारे तिथे आणखीही बरेच असतात, त्यामुळे निकाल पाहून निवड करायला गेलेला माणूस होता त्याहून गोंधळून परत येतो, ते सोडा. पण घरगुती कॉम्प्युटरला, अपडेट वेळच्या वेळी होऊ दिले आणि आलेल्या प्रत्येक गोष्टीवर क्लिक केलं नाही तर, हा पुरतो. हे मी अनेकांना सांगितलं. एकानंही ऐकलं नाही.

का ऐकत नाहीत याचा मी बराच विचार केला. डिफेंडर बोलत नाही, हा त्याचा दोष आहे. पूर्वी आमच्या गल्लीत गुरखा यायचा. रात्री दोन वाजता काठी आपटत, शिट्टी फुंकत जायचा. गुरखा नेमका कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्या आवाजावरून चोराला सगळ्यांत आधी कळत असणार. पण कुशीवर वळणाऱ्या माणसाला बरं वाटायचं, आणि एक तारखेला गुरखा दारात आला की पैसे काढून दिले जायचे. न वाजवता, अंधारात उभं राहून खरंच राखण करणारा गुरखा ठेवला असता तर पहिल्याच महिन्यात 'हा येतो तरी का?' म्हणून त्याला काढलं असतं. आपण पैसे देतो ते काठीच्या आवाजाचे.

विकणाऱ्यांना हे केव्हाच कळलेलं आहे. म्हणून कोपऱ्यात हिरवी टिक असते. म्हणून अवास्टची बाई सकाळी सकाळी इंग्रजीत जाहीर करायची की व्हायरसांची यादी अद्ययावत झाली आहे. कित्येक घरांत त्या बाईचं बोलणं झाल्याशिवाय चहा होत नसे. म्हणून स्कॅन मारला की लाखभर फाइलींची नावं भराभर पडद्यावरून पळत जातात, जी वाचायला कुणाला सांगितलेलं नसतं. आणि म्हणून वर्ष संपत आलं की 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' असा लाल फलक रोज येतो. धोका फक्त इतकाच असतो की आपण पैसे न भरण्याचा संभव आहे.

नुसता आवाजच विकायचा तर मागे अँटिव्हायरस असायची गरज काय, हा पुढचा विचार ज्यांना सुचला ते थोर. 'अँटिव्हायरस २००९' नावाचा एक प्रकार त्या सुमाराला जगभर पसरला होता. कुठल्यातरी वेबसाइटवर गेलं की हा आपणहून उगवायचा, काही सेकंदांत ढीगभर व्हायरस शोधून दाखवायचा, आणि साफ करायला पैसे मागायचा. तो स्वतःच व्हायरस होता. पण त्याच्याइतकं तळमळीनं काम करताना खरा अँटिव्हायरस कुणी पाहिलेला नव्हता. अनेकांनी कार्डाचा नंबर दिला. फोनवरून येणारे 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय'वाले त्याचेच वंशज. ते आपल्याला विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगतात. त्यात धडधाकट कॉम्प्युटरवरही लाल फुल्या असतातच. 'बघा सर, किती एरर!' आणि बघणाऱ्याला एकदम पटतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला काहीतरी दाखवलेलं असतं.

सरकारचाही एक उपाय आहे, तो राहून जायला नको. २०१७ साली केंद्रानं 'सायबर स्वच्छता केंद्र' काढलं. तिथे कॉम्प्युटर साफ करायचे प्रोग्रॅम मोफत मिळतात. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी हे सांगितलं, तेव्हा सेक्रेटरींनी 'त्यासाठी ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा का?' असं विचारलं. फुकट आणि वर सरकारी, म्हटल्यावर विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

दोन अँटिव्हायरस एकदम टाकणारे लोकही असतात. एक चुकला तर दुसरा. प्रत्यक्षात व्हायरसांचे नमुने पहिल्याच्या पोटात भरलेले, ते दुसऱ्याला दिसतात. पहिल्यालाही दुसऱ्याचा संशय येतो. दोघं रात्रंदिवस एकमेकांच्या अंगझडत्या घेत बसतात आणि वर्डची फाइल उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागतो. मालक मात्र समाधानी. कॉम्प्युटर इतका स्लो झालाय म्हणजे आत काम जोरात चाललंय!

आणि राखणदारच चुकला तर? २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःची एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून धरली, आणि ठिकठिकाणचे कॉम्प्युटर बंद-चालू, बंद-चालू होत बसले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटनं जगातले सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पाडले. ते घरगुती नव्हते, कंपन्यांचे होते, पण आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. पुष्कळ व्हायरसांना एका दिवसात हे जमलेलं नाही. जॉन मॅकॅफींनी तर कंपनी सोडून बरीच वर्षं झाल्यावर, २०१३ साली, आपलंच नाव लावलेला अँटिव्हायरस कसा काढून टाकावा याचा एक अचाट व्हिडिओ काढला होता. त्यात शेवटी ते कॉम्प्युटरवर गोळी झाडतात. कस्टमर केअरला फोन लावून पाहिलेल्यांना हा उपाय टोकाचा वाटत नाही.

तर आमचे सासरे. अण्णा बँकेतून निवृत्त झाले. त्यांचा कॉम्प्युटर शेअर, ठेवींवरचं व्याज, फॉर्म १५एच आणि नातवंडांचे फोटो यांसाठी. मी त्यांना म्हटलं, 'अण्णा, पैसे घालवू नका, आत डिफेंडर आहे.' त्यांनी विचारलं, 'आजवर त्यानं किती पकडले?' मी म्हटलं, 'एकही नाही.' अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. हा कर्मचारी त्यांच्या शाखेत असता तर त्याची बदली कुठे झाली असती, ते मला त्या नजरेत दिसलं. 'जावईबापू, काम झालं असेल तर व्हाउचर असतं. व्हाउचर दाखवा.'

मेहुणीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं सांगितलं की व्हाउचर देता येईल. अँटिव्हायरस जागा आहे का हे तपासायला आयकार नावाची एक चाचणी फाइल असते. अडुसष्ट अक्षरांची एक ओळ नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह करायची. ती संपूर्ण निरुपद्रवी असते, पण सगळ्या अँटिव्हायरसवाल्यांनी आपसांत ठरवलंय की ती दिसली की व्हायरस सापडला असं म्हणायचं. त्यानं ती लिहिली. सेव्ह केली. उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आली, आणि अण्णांचा चष्मा कपाळावरून नाकावर येईपर्यंत निघून गेली.

'कुठंय?'

'आली होती, आजोबा. पकडला त्यानं.'

'आणि गेला? सही न घेता?'

पुन्हा केलं. या वेळी अण्णा चष्मा लावून, नाक पडद्याला टेकवून बसले. चौकट आली. बारीक अक्षरांत, आर्जवी इंग्रजीत, काहीतरी आढळलं आणि कारवाई केली असं तिनं सांगितलं. अण्णा म्हणाले, 'इतकं हळू बोलणारा माणूस मी कॅशियर ठेवणार नाही.'

मग पोरानं एका विकतच्या अँटिव्हायरसची महिनाभराची फुकट आवृत्ती टाकली. डिफेंडर, त्याच्या स्वभावाप्रमाणे, काही न बोलता बाजूला झाला. तीच अडुसष्ट अक्षरं, तोच नोटपॅड. सेव्ह म्हटल्याबरोबर अख्खा पडदा लाल झाला आणि स्पीकरमधून अग्निशमन दल निघाल्यासारखा आवाज आला. सासूबाई ओटा सोडून बाहेर आल्या. खालचे एसटीवाले शेजारी जिना चढून आले. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. 'काही नाही, एक पकडला,' ते म्हणाले, आणि नातवाला म्हणाले, 'परत कर.'

त्या दिवशीच पैसे भरले गेले. नातवाकडून ती ओळ अण्णांनी डायरीत मोठ्या अक्षरांत उतरवून घेतली. आता दर महिन्याच्या एक तारखेला, अंघोळ-पूजा आटोपली की ते नोटपॅड उघडतात आणि एका बोटानं अडुसष्ट अक्षरं टाइप करतात. एका महिन्यात तीन वेळा लिहूनही आवाज झाला नाही, तेव्हा त्यांनी कंपनीला कडक पत्राचा मसुदा केला होता. पोरानं येऊन बघितलं, तर तिसऱ्या जागी इंग्रजी 'ओ' पाहिजे तिथे अण्णांनी शून्य मारलं होतं. शून्य हे शून्यासारखंच लिहायचं, ही बँकेतली सवय.

परवा नूतनीकरणाचा फलक आला. मी पुन्हा एकदा डिफेंडरचं नाव काढलं, अठरापैकी अठरा गुणांचंही सांगितलं. अण्णांनी कपाटातून एक लांब वही काढली. तारीख, वेळ, शेरा, सही, असे रकाने आखलेले. प्रत्येक ओळीत 'एक पकडला'. तळाशी लाल शाईत बेरीज.

'वर्षात बारा,' अण्णा म्हणाले. 'तुमच्या फुकटच्यानं किती पकडले?'